क्रेडिट कार्डावरील अन्यायकारक आकारणी परत कशी मिळवावी : ग्रामीण विदर्भातील कार्डधारकांसाठी मार्गदर्शन

विदर्भातील तालुक्याच्या गावी क्रेडिट कार्ड आता नवलाईचे राहिलेले नाही. मुदत ठेव करायला गेलेल्या शेतकऱ्याला ठेवीच्या तारणावर कार्ड देऊ केले जाते, शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे वाहक यांना पगाराच्या खात्याबरोबर ते मिळते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्रीज हप्त्यावर घेताना कोणत्या कागदावर सही झाली हे पुष्कळदा कार्ड टपालाने घरी आल्यावरच कळते. कार्ड देणारे अनेक भेटतात, परंतु बिलात लागलेले शुल्क कशाचे आहे हे समजावून सांगणारा गावात कोणी नसतो. शाखेत विचारले तर कार्डाचा विभाग वेगळा असल्याचे सांगितले जाते आणि कस्टमर केअरला फोन लावला तर एकामागून एक बटणे दाबण्यात रिचार्ज आणि दुपार दोन्ही संपतात. पाचशे-सहाशे रुपयांसाठी कोण धावपळ करणार, असे म्हणून बहुतेक जण पैसे भरून टाकतात, आणि पुढच्या वर्षी तेच शुल्क पुन्हा लागते.

हे पैसे परत मिळू शकतात. त्यासाठी वकील लागत नाही, नागपूर-मुंबईच्या चकरा लागत नाहीत आणि बँकेकडील तक्रारीपासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापर्यंतची, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंतची, सारी वाट विनाशुल्क आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूने बरेच कडक आहेत. मात्र त्यांचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा ग्राहक बिलातील नेमक्या ओळीवर बोट ठेवून, तारीख आणि रक्कम लिहून, लेखी तक्रार करतो व तिचा क्रमांक जपून ठेवतो. "बँकेने मला लुबाडले" अशा तक्रारीचे पुढे काही होत नाही, "अमुक तारखेला अमुक नावाने लावलेले ₹५८८.८२ अमुक कारणाने चुकीचे आहेत" या तक्रारीला बँकेला उत्तर द्यावेच लागते.

आधी हे ओळखावे : कोणते पैसे परत मागता येतात

सर्वांत आधी एक कटू गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेकांच्या तक्रारी वाया जातात. कार्डाचा व्याजदर वर्षाला ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात असला तरी केवळ "व्याज फार आहे" या कारणावर पैसे परत मिळत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्याचप्रमाणे कार्डावर एटीएममधून रोख रक्कम काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळे शुल्क लागते, आणि बिलातील फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास उरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते. अर्जाच्या वेळी हे कळवलेले असेल तर ते नियमाला धरूनच असते. पेरणीच्या दिवसांत बियाण्यासाठी कार्डावर रोख काढणे हा सर्वांत महाग पैसा आहे, हे येथे कळकळीने सांगावेसे वाटते.

परत मागता येण्याजोग्या आकारणीचे मूळ रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या क्रेडिट व डेबिट कार्डविषयक निर्देशांत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या अखेरीस आपले जुने निर्देश एकत्र करून नव्याने मांडले, त्यामुळे तक्रारीत परिच्छेद क्रमांक देण्याच्या भरीस पडू नये. "रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार" एवढा उल्लेख पुरेसा आहे.

या निर्देशांतील सर्वांत मोठे हत्यार न मागितलेल्या कार्डाबद्दल आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देणे किंवा जुने कार्ड वरच्या दर्जाचे करणे यास पूर्ण मनाई आहे. असे कार्ड सुरू करून त्याचे बिल लावले, तर बँकेने ती रक्कम तत्काळ मागे घ्यायची असते आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड कोणतीही कुरकुर न करता ग्राहकाला द्यायचा असतो. उदाहरणार्थ, न मागितलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क ₹४९९ आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी ₹८९.८२ असे ₹५८८.८२ लावले असतील, तर ती रक्कम रद्द करून आणखी ₹१,१७७.६४ देण्याची मागणी करावी. ही तरतूद माहीत नसल्यामुळे लोक "निदान माझे पैसे तरी परत द्या" अशी विनवणी करतात आणि दंडाचा हक्क बोलूनही दाखवत नाहीत.

याच ओघात आणखी एक नियम लक्षात ठेवावा. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने ते सुरू केले नसेल तर बँकेने ओटीपीद्वारे संमती मागायची असते, आणि संमती न मिळाल्यास विचारणा केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते खाते कोणताही खर्च न लावता बंद करायचे असते. कपाटात पाकिटासह पडून राहिलेल्या कार्डाचे शुल्क मागणारे बिल आले, तर हाच मुद्दा पुढे करावा.

विलंब शुल्काबाबत दोन नियम आहेत आणि दोन्ही वारंवार मोडले जातात. पहिला असा की देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ खाते थकीत राहिले तरच विलंब शुल्क लावता येते आणि तरच सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवता येते. त्यामुळे दोन दिवस उशिरा पोहोचलेल्या भरण्यावर विलंब शुल्क लागले असेल तर ते परत मागावे. दुसरा नियम असा की विलंब शुल्क देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच लावायचे असते, संपूर्ण बिलावर नव्हे. समजा बिल ₹१२,४०० चे होते आणि कापसाचा चुकारा अडकल्याने कार्डधारकाने देय तारखेच्या आदल्या दिवशी ₹१२,००० भरले, तर शुल्क लागलेच तर त्याचा टप्पा उरलेल्या ₹४०० वरून ठरला पाहिजे. अनेक मोठ्या बँकांच्या तक्त्यात एवढ्या थकबाकीला शून्य किंवा शंभर रुपये शुल्क असते, तर दहा हजारांच्या पुढच्या टप्प्याला ते नऊशे-हजारांच्या घरात जाते. फरक एवढा मोठा असल्याने ही ओळ प्रत्येक बिलात तपासावी.

शुल्कावर व्याज आणि व्याजावर व्याज हाही तपासण्याजोगा भाग आहे. न भरलेली शुल्के, दंड आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास निर्देशांनी मनाई केली आहे. अर्जाच्या वेळी न सांगितलेले शुल्क नंतर लावता येत नाही. शुल्कात बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी कळवावे लागते आणि तो बदल पुढच्या व्यवहारांपुरताच असतो. मर्यादेबाहेर खर्च होऊ देण्यासाठी आधी स्पष्ट संमती घ्यावी लागते, म्हणून संमती नसताना लावलेले ओव्हरलिमिट शुल्क वादात टिकत नाही. कार्डासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचीही तीच गोष्ट आहे. आणि "नो कॉस्ट" म्हणून दिलेल्या हप्त्यांत मुद्दल, व्याज व सवलत वेगवेगळी दाखवणे बंधनकारक आहे. व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून खपवता येत नाही.

न केलेला व्यवहार बिलात दिसला तर मात्र या लेखातील बाकी सर्व पायऱ्या बाजूला ठेवून त्याच क्षणी कार्ड बंद करवून घ्यावे, बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही; चार ते सात दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर त्याची जबाबदारी ₹१०,००० पर्यंत सीमित राहते. स्वतः ओटीपी सांगितला असल्यास नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत बँकेला कोणतेही शुल्क लावता येत नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. पीककर्जाचे किसान क्रेडिट कार्ड हे नावात कार्ड असले तरी ते कर्जखाते आहे आणि वर सांगितलेले विलंब शुल्काचे नियम त्याला तसेच्या तसे लावू नयेत. त्या खात्यातून न सांगता काही कापले गेले असेल तर खात्याचा उतारा घेऊन शाखेकडे लेखी खुलासा मागावा.

कागद गोळा करणे

वाद जिंकला जातो तो येथे. बँकेच्या ॲपमधून किंवा ईमेलमधून वादग्रस्त महिन्याचे बिल, त्याच्या आधीचे एक आणि नंतरची सर्व बिले काढून घ्यावीत. ईमेल वापरात नसेल तर शाखेत किंवा कस्टमर केअरला बिलाची प्रत मागावी. सेवा केंद्रातून बिले छापून घेतली तर पूर्ण कार्ड क्रमांक, पिन आणि ओटीपी तेथील कोणालाही सांगू नये. बिलावर बहुधा शेवटचे चार अंकच असतात आणि तक्रारीलाही तेवढेच लागतात.

त्यानंतर बिल ओळीओळीने वाचावे आणि वादग्रस्त ओळीखाली पेनने रेघ मारावी. इंग्रजी अडत असेल तर बारावीत शिकणारी घरची मुलगी किंवा गावातील शिक्षक हे काम चांगले करू शकतात. वहीत चार रकाने आखून तारीख, बिलातील नाव, रक्कम आणि चूक का आहे हे लिहावे. शुल्कावर लागलेला जीएसटी वेगळ्या ओळीत असतो, तो विसरू नये. मूळ शुल्क रद्द झाले तर त्यावरील करही रद्द झाला पाहिजे, आणि त्या शुल्कामुळे पुढच्या महिन्यांत चढलेले व्याजही. बँका बहुतेक वेळा मूळ शुल्क तेवढे परत करतात आणि बाकीचे तसेच ठेवतात, म्हणून आरंभीच पूर्ण रकमेची मागणी लिहिणे आवश्यक आहे.

बिलाखेरीज भरण्याचा पुरावा लागतो. यूपीआयने भरले असेल तर व्यवहार क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट, शाखेत भरले असेल तर शिक्का मारलेली पावती, आणि बचत खात्यातून आपोआप कपात होत असेल तर पासबुकाचे पान. यूपीआयने पैसे गेल्याची वेळ आणि कार्डखात्यात जमा झाल्याची तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, त्यामुळे दोन्ही तारखा नोंदवाव्यात. बँकेचे एसएमएस पुसू नयेत. कार्ड टपालाने आले असेल तर पाकीटही ठेवावे, कारण त्यावरील तारीख आणि पत्ता पुढे उपयोगी पडतात.

बँकेकडे लेखी तक्रार

कस्टमर केअरला फोन अवश्य करावा, परंतु त्यातून मिळवायचे ते एकच असते आणि ते म्हणजे तक्रार क्रमांक. समोरची व्यक्ती गोड बोलून "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट होईल" असे सांगते आणि क्रमांक देत नाही. तेव्हा क्रमांकाशिवाय फोन ठेवू नये. तोंडी आश्वासनाची कुठेही नोंद राहत नाही, आणि ज्या तक्रारीची नोंद नाही ती पुढे लोकपालाच्या दृष्टीने झालेलीच नसते.

फोननंतर त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवावी. बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण या शीर्षकाखाली नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचा, ईमेल आणि टपालाचा पत्ता दिलेला असतो; बिलाच्या मागच्या बाजूसही तो बहुधा असतो. ईमेल सर्वांत सोयीचा. ज्याला ते जमत नाही त्याने स्पीड पोस्टाने पाठवावे. पूर्वीची रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावून घेण्यात आली आहे, त्यामुळे पोस्टात "नोंदणीसह आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट" असे सांगावे. कार्ड आपल्याच शाखेच्या बँकेचे असेल तर एक प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. "हे आमच्याकडे येत नाही" असे म्हणून शाखेने प्रत नाकारली तर वाद घालू नये, टपालाने पाठवावी. टपालाची पावतीही तेवढीच ग्राह्य असते.

तक्रार मराठीत लिहिण्यास हरकत नाही, मात्र आकडे, तारखा आणि बिलातील शुल्काचे नाव बिलात आहे तसेच लिहावे. मजकूर साधारण असा असावा :

प्रति, नोडल अधिकारी, क्रेडिट कार्ड विभाग, … बँक.

विषय : शेवटचे चार अंक … असलेल्या कार्डावरील चुकीची आकारणी रद्द करून परत मिळण्याबाबत.

महोदय, दिनांक … च्या बिलात दिनांक … रोजी "…" या नावाने ₹… आणि त्यावरील जीएसटी ₹… अशी एकूण ₹… इतकी आकारणी करण्यात आली आहे. ही आकारणी मला मान्य नाही, कारण (येथे एकच नेमके कारण लिहावे, उदाहरणार्थ, मी देय तारखेनंतर दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम भरली असून भरण्याचा पुरावा जोडला आहे). रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार ही आकारणी करता येत नाही. तरी सदर रक्कम, त्यावरील कर आणि त्यामुळे पुढील बिलांत लागलेले व्याज रद्द करून माझ्या कार्डखात्यात जमा करावे. आकारणी योग्य असल्याचे आपले म्हणणे असेल तर माझ्या संमतीचा पुरावा, म्हणजे सही असलेला अर्ज, ध्वनिमुद्रण किंवा ओटीपीची नोंद, ३० दिवसांच्या आत मला पाठवावा. वादग्रस्त रक्कम वगळता उर्वरित बिल मी वेळेत भरत आहे. फोनवरील तक्रार क्रमांक … दिनांक … . सोबत बिलाची व पावतीची प्रत जोडली आहे.

खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड, मोबाइल क्रमांक आणि सही.

यातील पुराव्याची मागणी गाळू नये. ग्राहकाने बिलावर हरकत घेतल्यास बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तेथे कागदोपत्री पुरावा द्यायचा, असा स्पष्ट नियम आहे. संमती घेतली होती असे म्हणणे सोपे असते, ती दाखवणे तसे नसते. दुकानदाराने किंवा एजंटाने ग्राहकाच्याच फोनवर आलेला ओटीपी काय आहे ते न सांगता टाकून घेतला असेल, तर घडले ते तसेच्या तसे लिहावे; तेव्हा दुकानात कोणती वस्तू घेतली जात होती आणि काय सांगण्यात आले, हेही दोन वाक्यांत नमूद करावे.

तक्रारीत राग, शिव्याशाप, आत्महत्येची किंवा आंदोलनाची भाषा नको. संताप रास्त असला तरी ते वाचणाऱ्याला मूळ मुद्द्यापासून सुटण्याची संधी मिळते. दोन वेगवेगळ्या चुका असतील तर दोन वेगवेगळे परिच्छेद करावेत, कारण एकीचे उत्तर देऊन दोन्ही निकाली काढल्याचे दाखवले जाते.

तीस दिवसांच्या काळात काय भरावे

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे चुकीचे उत्तर सर्वांत महागात पडते. "माझी तक्रार चालू आहे, तोवर मी छदामही भरणार नाही" ही भूमिका समजण्याजोगी आहे, परंतु ती घेऊ नये. ज्या खरेदीबद्दल वाद नाही तिची पूर्ण रक्कम देय तारखेआधी भरावी आणि भरताना वादग्रस्त रक्कम का वजा केली हे ईमेलने कळवावे. भरलेली रक्कम किमान देय रकमेपेक्षा कमी होत नाही एवढे पाहावे, नाहीतर खाते थकीत दिसू लागते.

ग्रामीण भागात याला आणखी एक कारण आहे. खरिपाच्या पीककर्जाची लगबग एप्रिलपासून सुरू होते आणि त्या वेळी कार्डावरची सहाशे रुपयांची थकबाकी पतअहवालात (सिबिलसारख्या कंपनीकडील कर्जफेडीच्या नोंदीत) दिसली तर शाखा अधिकारी त्यावर बोट ठेवतो. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये असे राज्य सरकारने बँकांना बजावलेले असले तरी शेतकऱ्याला शाखेत मिळणारा अनुभव नेहमी तसा नसतो. म्हणून वादग्रस्त रक्कम लहान असेल आणि पेरणी तोंडावर असेल, तर माझे मत असे आहे की ती रक्कम "हरकत कायम ठेवून भरत आहे" असे लेखी कळवून भरून टाकावी आणि परताव्याची लढाई चालूच ठेवावी. पैसे भरल्याने हक्क संपत नाही, हरकत न नोंदवल्याने मात्र बाजू कमकुवत होते.

या काळात वसुलीचे फोन आले तर तक्रार क्रमांक सांगावा. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये. तसे घडल्यास तारीख, वेळ आणि फोन क्रमांक लिहून ती स्वतंत्र तक्रार बँकेकडे करावी.

बँकेचे उत्तर

उत्तर तीन प्रकारचे येते. पूर्ण रक्कम मान्य झाली तर पुढच्या बिलात जमा दिसेपर्यंत फाइल बंद करू नये. "सदिच्छा म्हणून" निम्मी रक्कम देण्याचा प्रस्ताव आला तर उरलेली रक्कम का नाकारली हे लेखी विचारावे. अर्धे पैसे घेताना "माझी तक्रार पूर्ण निकाली निघाली" असे कबूल करून घेतले जाते, तेव्हा तशी संमती देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आणि तक्रार फेटाळली गेली, तर मोठ्या बँकांनी असा निर्णय ग्राहकाला कळवण्याआधी आपल्या अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे बँकेनेच नेमलेल्या तक्रार-तपासनिसाकडे, तपासणीस पाठवायचा असतो. तशी तपासणी झाली का, हे उत्तरात दिसत नसेल तर विचारून घ्यावे.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

बँकेने तक्रार नाकारली, अर्धवट मान्य केली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल व्यवस्थेकडे जाता येते. "एक देश, एक लोकपाल" या तत्त्वावर ती चालत असल्याने बँकेची शाखा कुठे आहे, कार्ड मुंबईतून दिले की चेन्नईतून, याचा प्रश्न उद्भवत नाही. धारणी, भामरागड किंवा सालेकसा तालुक्यातील माणसालाही ती तितकीच जवळ आहे.

सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देऊन तक्रार भरता येते. बँकेचे नाव, बँकेकडे तक्रार केल्याची तारीख, उत्तर आले की नाही आणि मागणीची रक्कम असे प्रश्न क्रमाने विचारले जातात. बिल, तक्रारीची प्रत, पोच आणि बँकेचे उत्तर जोडावे. तालुक्याच्या सेवा केंद्रातून भरून घेतली तरी मोबाइल क्रमांक स्वतःचा द्यावा, केंद्रचालकाचा नव्हे, कारण पुढचे सर्व संदेश त्याच क्रमांकावर येतात. इंटरनेट जमत नसल्यास केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड – १६००१७ या पत्त्यावर टपालाने तक्रार पाठवावी. १४४४८ या टोल फ्री क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते.

लोकपालाकडील तक्रारी सर्वाधिक परत येतात त्या एकाच कारणाने : आधी बँकेकडे तक्रार केलेली नसते, किंवा ३० दिवस पूर्ण झालेले नसतात. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तरीही लोकपाल ते घेत नाही. वकिलामार्फत तक्रार दाखल करता येत नाही, मात्र वृद्ध आईवडिलांच्या वतीने मुलगा किंवा मुलगी अधिकारपत्र घेऊन ती करू शकते. लोकपालाकडे जाण्यास मुदत आहे; बँकेचे उत्तर आल्यावर किंवा ३० दिवस उलटल्यावर सोंगणी, वेचणी आटोपण्याची वाट न पाहता तीन महिन्यांच्या आत तक्रार दाखल करावी, म्हणजे मुदतीचा वाद उद्भवत नाही. मागणी लिहिताना मूळ रक्कम, कर, व्याज, दुप्पट दंड लागू असल्यास तो, आणि तालुक्याला झालेल्या खेपांचा, झेरॉक्स-टपालाचा खर्च व झालेला त्रास यांची भरपाई वेगवेगळी लिहावी. त्रास व खर्चासाठी भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे, परंतु न मागितलेल्या गोष्टीचा विचार सहसा होत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग

लोकपालाकडे न्याय मिळाला नाही किंवा प्रकरणात साक्षीपुरावा लागणार असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील ग्राहकाने बँकेच्या मुख्यालयाच्या शहरात जाण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, स्वतः बाजू मांडता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याबाबत मार्गदर्शन मिळते. सहाशे रुपयांसाठी मात्र हा मार्ग सुचवावासा वाटत नाही, कारण तारखांना जाण्यात मजुरी बुडते. सक्तीचा विमा, हजारोंची चुकीची थकबाकी किंवा बिघडलेला पतअहवाल असे मोठे नुकसान असेल तर तो जरूर धरावा.

पैसे आल्यानंतरची दोन कामे

परतावा जमा झाला की पुढची किमान दोन बिले तपासावीत आणि जुने शुल्क किंवा त्याचे व्याज पुन्हा डोके वर काढत नाही ना ते पाहावे. कार्ड नको असेल तर थकबाकी शून्य करून बंद करण्याची लेखी विनंती द्यावी. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते. थकबाकी नसतानाही उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ₹५०० दंड ग्राहकाला मिळतो. नुसते कात्रीने कापल्याने कार्ड बंद होत नाही, वार्षिक शुल्क चालूच राहते. खाते बंद झाल्याचे आणि काही देणे नसल्याचे पत्र मागून घ्यावे.

दुसरे काम पतअहवालाचे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. परत मिळालेल्या शुल्कापोटी त्यात "थकीत" नोंद राहिली असेल तर बँकेचे पत्र जोडून त्या कंपनीच्या संकेतस्थळावर दुरुस्तीची मागणी करावी. बँक आणि कंपनी या दोघांनी मिळून ३० दिवसांत ती दुरुस्त करायची असते, आणि उशीर झाल्यास त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. ही मागणी फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये केली, तर एप्रिलमध्ये पीककर्जाचा अर्ज देताना दुरुस्त अहवाल हाताशी राहतो.